वेल्श सेक्शन बी पोनी: रूप वाळवंटी, पोट डोंगरी

ब्रिटनमधल्या मराठी घरांत हा विषय साधारण मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की निघतो. शनिवारी रायडिंग स्कूलला जाऊन वर्ष झालेलं असतं, दुडक्या चालीत खोगिरावर तोल टिकायला लागलेला असतो, आणि मग जेवताना "आपण आपली पोनी घेऊ या ना" सुरू होतं. घरात घोडा कुणीच पाळलेला नसतो. आजोबांना फार तर माथेरानची तट्टं आठवतात. मग आईबाबा जाहिराती चाळायला बसतात, आणि त्यांतला सगळ्यांत देखणा फोटो बहुतेक वेळा वेल्श सेक्शन बीचा निघतो. लहानसं रेखीव डोकं, मोठे डोळे, टोकदार कान, उंच धरलेली शेपूट. मुलगी तर प्रेमातच पडते.

पोनी खरंच चांगली आहे. मुलांच्या स्वारीसाठी तिच्या तोडीच्या जाती थोड्याच. पण तिच्या अंगात दोन वेगळे वारसे आहेत. चेहरा आणि चाल यांवर उत्तर आफ्रिका-अरबस्तानाकडून आलेल्या घोड्यांची छाप आहे. पचनसंस्था, खूर आणि चिवटपणा मात्र वेल्सच्या डोंगराचा. घेताना लोक पहिला वारसा बघतात आणि सांभाळताना दुसरा विसरतात. पुढचं सगळं त्या दुसऱ्या वारशावर नजर ठेवून लिहिलं आहे.

आधी अक्षरं समजून घ्या

वेल्श पोनी अँड कॉब सोसायटी १९०१ साली स्थापन झाली आणि तिच्या स्टडबुकचा पहिला खंड १९०२ मध्ये निघाला. त्या नोंदवहीत चार विभाग आहेत. सेक्शन ए म्हणजे वेल्श माउंटन पोनी, उंची १२ हँडपर्यंत. सेक्शन बी म्हणजे स्वारीच्या धाटणीची वेल्श पोनी, १३.२ हँडपर्यंत. सेक्शन सी तेवढ्याच उंचीची, पण कॉबच्या, म्हणजे जाडजूड, भरभक्कम धाटणीची. १३.२ च्या वरचा तो सेक्शन डी, वेल्श कॉब. याशिवाय पार्ट-ब्रेड नोंदवही आहे, तिच्यात यायला किमान साडेबारा टक्के वेल्श रक्त लागतं.

एक हँड म्हणजे चार इंच. १३.२ मधला तो बिंदू दशांशाचा नाही. तेरा हँड आणि वर दोन इंच, म्हणजे ५४ इंच किंवा १३७.२ सेंटीमीटर. १३.३ नंतर थेट १४ येतो. उंची मोजतात ती मानेच्या मुळाशी जो हाडाचा उंचवटा असतो तिथपर्यंत. डोक्याचा त्यात संबंध नाही. अमेरिकेत याच सेक्शनच्या उंचीची मर्यादा जास्त आहे, त्यामुळे तिकडचे आकडे वाचून गोंधळू नका.

अक्षर ठरतं ते आईबापांवरून. ए आणि ए यांचं शिंगरू ए. ए आणि बी यांचं बी. बी आणि बी यांचं बी. कॉबचं रक्त एकदा आलं की शिंगरू सी किंवा डीमध्ये जातं, बीमध्ये परत येत नाही. म्हणून "सी आहे पण दिसायला अगदी बीसारखी" असं विकणारा म्हणाला तर ऐकून घ्या आणि पासपोर्ट, म्हणजे पोनीचं ओळखपत्र, मागा.

डोंगर कुठला, वाळवंट कुठलं

या पोनींच्या इतिहासाची सुरुवात ज्युलियस सीझरपासून करायची पद्धत आहे. त्यानं म्हणे बाला सरोवराच्या काठी पागा काढली होती. सीझर ब्रिटनला दोनदा आला, इसवी सनापूर्वी ५५ आणि ५४ मध्ये, आणि वेल्सपर्यंत तो पोचलाच नाही. ही कथा बाजूला ठेवलेली बरी. दहाव्या शतकातल्या हिवेल द्दा राजाच्या नावानं जे वेल्श कायदे ओळखले जातात, त्यांत मात्र स्वारीचा घोडा, ओझ्याचा घोडा आणि कामाचा घोडा असे प्रकार वेगळे धरलेले आहेत. म्हणजे घोड्यांची कामाप्रमाणे विभागणी वेल्सला जुनीच.

खरी परीक्षा झाली ती आठव्या हेन्रीच्या काळात. चिलखती स्वार पेलणारे मोठे घोडे हवेत म्हणून त्यानं १५३५ आणि १५४० मध्ये कायदे केले: घोडी किमान इतक्या उंचीची हवी, गायरानावर सोडलेला नर किमान इतका उंच हवा, नाहीतर त्याला हटवा. नराची मर्यादा होती पंधरा हँड. डोंगरी पोनी तिच्या जवळपासही नव्हती. पण लंडनचा कायदा वेल्सच्या कड्याकपाऱ्यांत कोण राबवणार? खालच्या सपाटीवर काय व्हायचं ते झालं. वर, जिथे माणूस मेंढरांमागेच काय तो चढायचा, तिथे ही तट्टं टिकली. हिवाळ्यात बर्फाखालचं खुरटं गवत, काटेरी गॉर्सची झुडपं, सततचा पाऊस. जे शिंगरू एवढ्यावर जगलं त्याचीच पुढची पिढी झाली. थोड्या अन्नातून जास्तीत जास्त काढून अंगावर साठवायची, हा त्या पोनींचा जगण्याचा मार्ग होता. चारा-पाण्याच्या भागात हे वाक्य पुन्हा लागेल.

बाहेरचं रक्त अधूनमधून येतच राहिलं. अठराव्या शतकात मर्लिन नावाचा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा, घोडा रुआबॉनच्या डोंगरात सोडला होता अशी परंपरा आहे. पण आजच्या डोंगरी पोनीचा चेहरा ठरवला तो डायोल स्टारलाइटनं. १८९४ साली जन्मलेला हा करडा घोडा म्यूरिक लॉइड यांचा. प्रदर्शनांत तो इतका गाजला की आज वेल्श पोनींमध्ये पांढऱ्या-करड्या रंगाचा जो सुकाळ दिसतो त्याचं बरंच श्रेय त्याला देतात.

सेक्शन बीची घडण त्यानंतरची. डोंगरातल्या शेतकऱ्याला मेंढरं वळायला, बाजाराला जायला एक चपळ, थोडी उंच तट्टी लागायची. माउंटन पोनी आणि लहान कॉब यांच्या मिसळीतून ती मिळायची. विसाव्या शतकात गिऱ्हाईक बदललं. मुलांना स्वारी शिकवायची, प्रदर्शनात न्यायची, तर लांब पावलाची आणि नाजूक डोक्याची पोनी हवी झाली. १९३१ मध्ये सोसायटीनं सेक्शन बीला स्वारीच्या पोनीचं रूप दिलं. त्या वेळी हाताशी जो घोडा होता तो टॅन-इ-बुल्ख बर्विन. जन्म १९२४, आई वेल्श, बाप सहारा नावाचा बार्ब, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या जातीचा घोडा. दुसरा क्रेव्हन सायरस, १९२७ चा. त्याचा बाप किंग सायरस हा अरबी, आणि आई स्टारलाइटची मुलगी. वाळवंट आलं ते असं.

या दोघांवर सगळा भार पडला असता तर जात पोनी राहिलीच नसती, छोटा अरबी घोडा झाली असती. ते सावरलं क्रिबन व्हिक्टरनं, जन्म १९४४. ब्रेकनच्या डोंगराळ भागातल्या क्रिबन पागेचा हा घोडा हाडापेरानं अस्सल वेल्श होता. पुढे सॉलवे मास्टर ब्रॉन्झ (१९५९) आणि डाउनलँड शेव्हेलिअर (१९६२) यांनी जातीला आजचा साचा दिला. जुन्या पागांच्या पासपोर्टवर ही नावं आजही पाच-सहा पिढ्या मागे सापडतात.

मराठी वाचकाला हा प्रकार अनोळखी वाटू नये. भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांची गोष्ट याच वळणाची आहे: स्थानिक काटक तट्टू आणि बाहेरून आलेले अरबी-तुर्की घोडे. फरक इतकाच की वेल्सनं १९०२ पासून शिंगरांचे आईबाप नोंदवहीत लिहून ठेवले, आणि भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता अगदी अलीकडे मिळाली.

कागद आधी, तट्टू नंतर

फोनवरच विचारा: पासपोर्ट आहे का, आणि त्यावर सेक्शन काय लिहिलंय? ब्रिटनमध्ये प्रत्येक घोड्याला पासपोर्ट आणि अंगात मायक्रोचिप असणं कायद्यानं सक्तीचं आहे. प्रत्यक्ष गेलात की व्हेटकडून, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडून, चिप वाचून घ्या आणि क्रमांक जुळवा. पासपोर्टातल्या आकृतीवर कपाळावरचा ठिपका, पायांवरचे पांढरे मोजे काढलेले असतात. तेही ताडून बघा. करड्या पोनीच्या बाबतीत आकृती आणि समोरचं जनावर यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसू शकतो, कारण करडी पोनी जन्मते गडद रंगात आणि वर्षागणिक पांढरी होत जाते. त्यात लबाडी नसते.

नावाचा पहिला भाग पागेचा असतो. कोइड कोख, डाउनलँड, क्रिबन ही अशीच पागांची नावं. आईचं आणि बापाचं नाव, जन्मवर्ष, लसींच्या नोंदी वाचा. इन्फ्लुएंझा आणि धनुर्वाताच्या लसींत मोठा खंड पडला असेल तर लसीकरण पहिल्यापासून करावं लागतं. रंगाचंही एक सांगतो: वेल्श नोंदवहीत अबलख रंग चालत नाही, बाकी बहुतेक सगळे चालतात. मोठमोठ्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची "शुद्ध सेक्शन बी" कुणी विकत असेल तर ती शुद्ध नाही. पोनी म्हणून ती उत्तम असेलही, पण किंमत त्या हिशेबानं ठरवा.

उभी असताना: खुरापासून वर

सगळे चेहऱ्यापासून सुरू करतात. तुम्ही खुरापासून करा, कारण चेहरा तुम्हाला आवडणारच आहे.

खूर गोल, घट्ट आणि चारही एका मापाचे हवेत. खुराच्या भिंतीवर आडव्या वळ्या असतात; ऋतू बदलला, चारा बदलला की हलक्या वळ्या उमटतात आणि त्यात काही बिघडत नाही. पण त्या पुढे जवळजवळ आणि टाचेकडे फाकत गेलेल्या असतील तर हाताखालून जाऊ देऊ नका. या पोनीला कधीतरी लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतला गंभीर आजार (पुढे सांगतो), होऊन गेला असण्याची शक्यता मोठी. पाय उचलून तळव्याची पांढरी रेषा बघा. ती ताणली जाऊन रुंद झाली असेल किंवा तिच्यात रक्ताचे डाग असतील तर संशय पक्का होतो. विकणारा म्हणेल नालबंद वेळेवर आला नाही. असेलही.

गुडघ्याखालचं हाड आखूड आणि बाजूनं बघताना सपाट दिसलं पाहिजे. हात फिरवला की हाड आणि मागची शीर वेगवेगळी लागावी, सूज किंवा ऊब नसावी. मागच्या पायाचा सांधा मोठा, कोरडा, आत किंवा बाहेर न वळलेला. खांदा तिरका आणि लांब हवा. स्वारीच्या पोनीत खांद्याचा तिरकेपणा फार मोलाचा, कारण पाऊल पुढे किती पडेल ते तिथे ठरतं आणि खोगीर जागेवर बसतं की मानेवर सरकतं तेही. छाती खोल, फासळ्या फुगीर, पाठ मजबूत. पुठ्ठा लांब असावा, शेपटीकडे एकदम उतरता नको.

आता मान. मानेच्या वरच्या कडेवर, आयाळीच्या मुळाशी हात ठेवून ती कड हलवून बघा. मऊ, हलणारी असेल तर ठीक. लाकडासारखी कडक चरबी साठली असेल तर ती शरीरातल्या इन्सुलिनच्या गडबडीची खूण मानतात. प्रदर्शनातल्या पोनी अनेकदा मुद्दाम गुबगुबीत ठेवलेल्या असतात आणि अननुभवी डोळ्याला तेच तेज वाटतं. फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत, पण तळहाताला सहज लागाव्यात. दाबून शोधाव्या लागल्या तर पोनी जाड आहे, मग अंगावर कितीही चमक असो.

आयाळ आणि शेपटीचं मूळ घासून घासून विरळ झालंय का ते बघा. उन्हाळ्यात चावणाऱ्या बारीक चिलटांची काही पोनींना तीव्र ॲलर्जी असते. हिवाळ्यात खरेदी केली तर हे लपून जातं, म्हणून उन्हाळ्यातले फोटो मागा. करडी पोनी असेल तर शेपटीखाली बोट फिरवा. वय वाढलेल्या करड्या घोड्यांत तिथे मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाच्या, गाठी सर्रास आढळतात. पुष्कळदा त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात, पण माहीत असून घेणं वेगळं.

सगळ्यांत शेवटी डोकं. लहान, नाकपुडीकडे निमुळतं, डोळे मोठे, नाकपुड्या मोकळ्या. वरच्या आणि खालच्या जबड्याचे पुढचे दात एकमेकांवर नीट टेकतात का, ओठ उघडून बघा. वरचा जबडा पुढे आलेला असेल तर चरताना त्रास होतो आणि दातांचा खर्च जन्मभर चालतो.

चालताना

सपाट, टणक जमिनीवर आधी साध्या चालीत, मग दुडक्या चालीत तुमच्याकडे सरळ आणवा आणि सरळ परत न्यायला सांगा. पाय रेषेत पडतायत का? मग बाजूनं बघा. सेक्शन बीची चाल खांद्यातून मोकळी, लांब आणि तुलनेनं जमिनीलगत असते. कॉबसारखा गुडघा छातीशी उचलणं तिच्याकडून अपेक्षित नाही. मागचे पाय मात्र पोटाखाली जोरात यायला हवेत. नंतर टणक जमिनीवर लहान गोल वळण घ्यायला लावा. वळताना पावलं आखडली, पोनी काचेवर चालल्यासारखी जपून टापा टाकू लागली, तर तिथेच आभार मानून निघा.

मूल कोणतं, पोनी कोणती

डोंगरात स्वतःचं स्वतः बघून जगलेली जात बुद्धीनं तल्लख असते. ती मुलाचं मन चार मिनिटांत ओळखते. जमणाऱ्या मुलाबरोबर ती समजूतदारपणे वागते, आणि न जमणाऱ्याला सरळ गवताकडे घेऊन जाते. त्यात अरबी-बार्ब रक्तानं आलेली तरतरी. सेक्शन ए आणि सीपेक्षा बी जरा तिखट असते असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे, आणि मला तो पटतो. म्हणून नवशिक्या मुलासाठी चार-पाच वर्षांची कोवळी पोनी घेऊ नका, "दोघं एकत्र शिकतील" हे कितीही गोड वाटलं तरी. पोनीला चौथ्या वर्षाच्या आसपास स्वारीची सवय लावतात, पण पाठीच्या कण्याची वाढ साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते. पहिली पोनी आठ ते पंधरा वर्षांची घ्या. पंधराची ऐकून नाक मुरडू नका. नीट राखलेली वेल्श पोनी पंचविशी सहज ओलांडते.

बघायला जाताना पोनी कुरणात असू द्या असं सांगून ठेवा. तिला पकडणं, बांधणं, चारही पाय उचलणं, खरारा करणं, खोगीर घालणं हे सगळं डोळ्यांदेखत व्हावं. तुम्ही पोचण्याआधीच ती घामेजून, खोगीर चढवून तयार असेल तर तिची रग आधीच जिरवलेली असण्याची शक्यता धरा. आधी विकणाऱ्याकडच्या मुलाला बसू द्या, मग तुमचा शिक्षक, मग तुमचं मूल. आवारापासून एकटीला दूर नेऊन बघा. सोबत्यांपासून तुटली की काहींचा नूर पालटतो. ट्रॅक्टर, बस, कचऱ्याची पेटी यांच्याजवळून न्या. आणि दुसऱ्यांदा वेगळ्या वेळी जा.

वजनाचा हिशेब इथेच करून टाका. छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणा. ११,८८० नं भागा. उत्तर किलोत येतं. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर साधारण २६५ किलो. स्वार, खोगीर, कपडे सगळं मिळून पोनीच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांत बसावं हा प्रचलित दंडक आहे. म्हणजे या पोनीवर सगळं धरून ४० किलो आरामात, आणि ५३ ला वरची सीमा आली. ही पोनी तुमच्या मुलाला किती वर्षं पुरेल ते या आकड्यावरून कळेल.

व्हेट

पैसे दिल्यावर व्हेट बोलावणं म्हणजे वरातीमागून घोडं. व्यवहार पक्का करण्याआधी तपासणी करून घ्या, आणि व्हेट विकणाऱ्याचा नेहमीचा नको. दोन टप्प्यांची आणि पाच टप्प्यांची अशी तपासणी असते. पाच टप्प्यांच्या तपासणीत पोनीला मेहनत करवून नंतर पुन्हा बघतात. पोनी स्वस्त असली तरी मी पाच टप्प्यांचीच करा म्हणेन. रक्ताचा नमुना घेऊन ठेवायला सांगा. तो सहा महिने राखून ठेवतात. नंतर पोनी अचानक लंगडी किंवा भडक निघाली तर त्या दिवशी तिला वेदनाशामक किंवा गुंगीचं औषध दिलं होतं का हे त्यातून कळू शकतं. याच वेळी इन्सुलिनची चाचणीही मागा. वेल्श पोनीसाठी तो पैसा वाया जात नाही.

घरी आल्यावर: चंदी विसरा

आपल्याकडे घोडा म्हटलं की चंदी आली: भिजवलेले हरभरे, भरडा, वर गुळाचा खडा. कष्टाच्या घोड्याला ती लागतही असेल. आठवड्यातून चार वेळा तासभर मुलाला फिरवणाऱ्या सेक्शन बीला तिची काहीच गरज नाही. सुट्टीत आलेल्या आजीला हे सांगणं सगळ्यांत अवघड काम. पोनीच्या तोंडाशी गूळ नेणाऱ्या हाताला प्रेमानं, पण ठामपणे अडवा.

कारण असं. खुराच्या कडक भिंतीला आतलं हाड जोडून ठेवणारे मऊ, नाजूक पदर असतात. त्यांना इजा होऊन जोड सैल पडणं म्हणजे लॅमिनायटिस. टोकाला गेलं तर हाड खुरात फिरतं, खाली दबतं, आणि पोनीला दयामरण द्यावं लागतं. पोनींमध्ये या आजाराचं मोठं कारण इन्सुलिनशी जोडलेलं आहे. डोंगरात उपयोगी पडलेली साठवण्याची वृत्ती इथे उलटते: गोड चारा मिळाला की काही पोनींच्या रक्तात इन्सुलिन बेसुमार वाढतं आणि त्याचा मार खुरावर बसतो. इंग्लंडच्या सपाटीवरचं कुरण, गाईंच्या दुधासाठी पेरलेलं राय गवत, हा डोंगरी पोनीला रोजचा पंचपक्वान्नांचा ताट आहे.

म्हणून चाऱ्याचं मोजमाप. रोजचा कोरडा चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के. २६५ किलोच्या, थोड्या जाड पोनीला दीड टक्क्यानं सुमारे चार किलो कोरडा भाग, म्हणजे वाळलेलं गवत साधारण पावणेपाच किलो. तराजूवर मोजा, हाताचा अंदाज नेहमी पोनीच्या बाजूनं चुकतो. यापेक्षा कमी करायची वेळ आली तर व्हेटच्या सल्ल्यानंच. पोनीला पूर्ण उपाशी ठेवणं वेगळ्याच जिवावरच्या आजाराला आमंत्रण देतं. तिच्या रक्तात चरबी उतरते. उशिरा कापलेलं, जाड काड्यांचं गवत घ्या. गवत तासभर पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिलं की साखर काही प्रमाणात उतरते. उन्हाळ्यात रात्रभर भिजवू नका, आंबतं. खनिजं कमी पडू नयेत म्हणून पूरक खनिजमिश्रण मूठभर, आणि मिठाचा खडा.

कुरण मोकळं सोडू नका. विजेच्या तारेचं कुंपण रोज थोडं पुढे सरकवून पट्टे द्या, किंवा कुरणाच्या कडेनं गोल वाट आखून मधलं गवत राखून ठेवा. चरताना तोंडाला जाळी बांधता येते. दिसायला क्रूर वाटते, लॅमिनायटिसपेक्षा कितीतरी दयाळू आहे. गवतातली साखर दिवसा उन्हात चढते आणि रात्रीतून उतरते, म्हणून उशिरा रात्री ते सकाळी चरायला सोडणं बरं. दव गोठवणारी थंड रात्र आणि त्यानंतरची लख्ख सकाळ याला अपवाद. थंडीत गवत वाढत नाही, साखर तशीच साचून राहते. वसंत आणि शरद, दोन्हींत सावध.

ही लक्षणं घरातल्या प्रत्येकाला पाठ हवीत: वळायला नकार, पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेणं, खुरात ऊब, टापेच्या वरच्या शिरेत जोरात लागणारी नाडी. यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी व्हेट. तोवर गवतावरून काढा, जाड मऊ अंथरूण द्या, आणि "थोडं चालवलं की मोकळी होईल" म्हणून चालवू नका. पंधरा वर्षांच्या पुढच्या पोनीला हा आजार झाला तर पिट्युटरी ग्रंथीच्या विकाराची रक्तचाचणी करतात. त्यावर रोजची गोळी मिळते आणि पोनी पुढे वर्षानुवर्षं चांगली राहू शकते.

कुरण घेताना वर बघा, आजूबाजूला सिकॅमोरची झाडं आहेत का. शरदात त्याच्या पंखवाल्या बिया वाऱ्यानं शेजारच्या शेतातूनही उडत येतात, वसंतात त्यांची रोपं उगवतात, आणि दोन्हींतल्या विषानं स्नायू झडून घोडे दगावतात. पिवळ्या फुलांचं रॅगवर्ट मुळासकट उपटा, हातमोजे घालून. वाळलेल्या गवतात मिसळलं तरी ते यकृत हळूहळू नासवतंच.

बाकीची देखभाल

नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी, नाल नसले तरी. वेल्श खूर कणखर असतात. हलक्या कामाला अनेकजणी विनानालाच राहतात. दात वर्षातून एकदा. जंताचं औषध डोळे झाकून देऊ नका, आधी लिदीतली अंडी मोजून घ्या. खोगीर प्रशिक्षित माणसाकडून बसवून घ्या आणि पोनीचं वजन बदललं की पुन्हा तपासा. जुन्या पोनीचं खोगीर नव्या पाठीवर टाकणं हा पैसे वाचवण्याचा भलता मार्ग आहे.

थंडीचं मराठी मनाला फार वाटतं. जानेवारीचा पाऊस, वारा, आणि बिचारी पोनी उघड्यावर! पण हिवाळ्यात तिच्या अंगावर दुहेरी केस येतात. वरचा थर पाणी ओघळून लावतो, आतला ऊब धरतो. आडोसा आणि पुरेसं गवत मिळालं तर निरोगी पोनीला रजई बहुधा लागत नाही. उलट हिवाळ्यात ती थोडी उतरली पाहिजे, म्हणजे वसंतातलं गवत झेपतं. वर्षभर गुबगुबीत राहणं तिच्या डोंगरी शरीराला माहीतच नाही. आणि पोनीला सोबत हवी. एकटी ठेवायची असेल तर घेऊ नका.

मूल मोठं झालं की

ते होणारच, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर. चांगल्या पोनी जाहिरातीत क्वचितच येतात. पोनी क्लबच्या शाखांतून, शिक्षकांच्या ओळखीतून एका घरातून दुसऱ्या घरात जातात, पुष्कळदा विकल्या न जाता लोनवर, म्हणजे मालकी न बदलता दुसऱ्याकडे सांभाळायला. तुम्हालाही पहिली पोनी अशीच लोनवर मिळाली तर मी आधी तीच घ्या म्हणेन. देताना किंवा घेताना लेखी करार करा. नालबंदाचा आणि व्हेटचा खर्च कुणी द्यायचा, विमा कुणाच्या नावावर, कोण-कोण स्वारी करणार, कुरण बदलायचं तर कुणाला विचारायचं, करार मोडायला किती दिवसांची सूचना, सगळं त्यात लिहा. चाऱ्याचं माप आणि आधी कधी लॅमिनायटिस झाला असेल तर तेही स्पष्ट लिहा. विकत घेतली असेल तर ३० दिवसांत पासपोर्टवर मालक बदलून घ्या. पासपोर्ट पोनीबरोबरच राहावा लागतो, म्हणून लोनवर देताना तो द्यावाच लागेल. पण पासपोर्ट हा मालकीचा पुरावा नव्हे, तेव्हा खरेदीची सही केलेली पावती घरातच ठेवा.